मिरचीच्या गावची पाखरं

दर वर्षी १ मार्चला धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्यातून गोदावरीचं पाणी खाली सोडलं जातं. ही तारीख सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली आहे. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यातल्या भांडणाचा निकाल २८ फेब्रुवारी २०१३ ला लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे वर ठेवायचे, पुराचं पाणी अडवायचं नाही. पुढचे आठ महिने महाराष्ट्राने २.७४ टीएमसी पाणी वापरायचं, मात्र १ मार्चला ०.६ टीएमसी, म्हणजे सुमारे १.७ कोटी घनमीटर पाणी, खालच्या राज्याच्या हवाली करायचं. पाणी सोडताना दोन्ही राज्यांचे अभियंते उभे असतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि माणसांपुरता विषय मिटतो.

पाण्यातल्या आणि काठावरच्या जीवांचा विषय मात्र तेव्हाच सुरू होतो. फुगवटा उतरला की काठाने काळ्या चिखलाचा लांबलचक पट्टा उघडा पडतो. त्यात गोगलगायी असतात, शिंपले असतात, खेकड्यांची बिळं असतात, डबक्यांत अडकलेली चिंगळी मासळी असते. कोर्टाच्या हुकमाने मांडलेली अशी पंगत दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

होळीच्या आधल्या आठवड्यात मी नांदेडहून निघालो. मुदखेड आणि उमरी मागे पडल्यावर येतं धर्माबाद. त्याच्या पुढचं बासर स्टेशन तेलंगणात. या रस्त्याने लोक जातात ते बासरच्या सरस्वतीपुढे पोरांना पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावायला, नाहीतर धर्माबादच्या मोंढ्यात व्यापाराला. पाखरं बघायला धर्माबादला चाललोय म्हटल्यावर शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी माझ्याकडे जरा सहानुभूतीनेच पाहिलं.

त्यांचंही चूक नव्हतं. मराठवाड्यातला वसंत हिरवा नसतो. रब्बी निघालेली असते, रानं मोकळी पडलेली असतात, झाडांनी पानं टाकलेली असतात आणि ऊन अकरालाच टाळूवर येतं. पण या ओक्याबोक्या दिवसांतच पाखरांच्या खाण्याची खरी गंमत असते. पुस्तकात पाखरांच्या जाती नीट वाटून दिलेल्या असतात : ही दाणे टिपणारी, ही किडे खाणारी, ही मध पिणारी. फाल्गुनात ही वाटणी कोलमडते. कोण कशावर तोंड टाकील याचा नेम राहत नाही. मला तेच बघायचं होतं.

बाभळीला जायला स्टेशनाबाहेर रिक्षा केली. रिक्षावाले भाऊ मराठीत सुरू करत, मध्येच तेलुगूत कुणाला तरी हाक मारत आणि उर्दूत भाडं सांगत. त्यांना बंधारा दाखवायची सवय होती. तिथं येणारे बहुतेक पत्रकार नाहीतर पुढारी. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधाऱ्याकडे निघाले होते, तेव्हा त्यांना धर्माबादेतच अटक झाली होती. ती हकीकत भाऊंनी अशी सांगितली, की जणू तेव्हा रिक्षा त्यांचीच होती.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला चिखलात शेकाटे लांब गुलाबी पायांवर चालत होते. त्यांच्या पलीकडे दहा-बारा मुग्धबलाक, म्हणजे उघड्या चोचीचे करकोचे, गुडघाभर पाण्यात उभे होते. भाऊंनी माझी दुर्बीण घेतली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्याची चोच मोडली हाय का वो?"

चोच खरोखरच मोडल्यासारखी दिसते. टोकाला दोन्ही भाग जुळतात, मुळाशी जुळतात आणि मधे फट राहते. त्या फटीतून पलीकडचं आभाळ दिसतं. पिल्लाच्या चोचीला ही फट नसते, वयाबरोबर ती पडत जाते. पूर्वी अभ्यासकांना वाटायचं, की अडकित्त्यात सुपारी धरावी तशी हा पक्षी त्या फटीत गोगलगाय धरून फोडत असेल. तसं नाही. आमच्यापुढचा एक मुग्धबलाक मान खाली घालून चिखल चाचपत होता. डोळ्यांनी शोधणं नव्हतंच, सगळा शोध चोचीच्या टोकाला. मग तो थबकला. मान पाण्यातच ठेवून त्याने पाच-सहा बारीक झटके दिले. या जातीचा पक्षी वरच्या चोचीने शंख दाबून धरतो, खालच्या चोचीचं पातं शंखाच्या झाकणाखाली सरकवतो आणि मांस शंखाला जिथं चिकटलेलं असतं तो स्नायू कापतो. त्याने डोकं वर काढलं तेव्हा चोचीत नुसतं मांस लोंबत होतं. पुढे जाऊन आम्ही काठावर पडलेला एक शंख उचलला. कडेचा एखादा टवका सोडला तर अख्खा. आत काही नाही.

"म्हंजे कुलूप न तोडता घर साफ केलंय," भाऊ म्हणाले.

परतताना मुद्दाम रानातल्या वाटेने आलो. एका शेतकऱ्याने बांधावरचं वाळलेलं गवत पेटवलं होतं. वाऱ्याने जाळ सरकत होता आणि जाळाच्या पुढच्या अंगाला पाखरं जमली होती. आग लागली की पाखरं उडून जातात, हे अर्धंच खरं. विजेच्या तारेवरचे कोतवाल एकामागून एक धुरात झेप घेत होते आणि जाळापुढे पळणारे नाकतोडे हवेतच उचलून परत तारेवर येत होते. गायबगळे आगीपासून चार हातांवर धीटपणे चालत होते. एक नीलपंख खांबावर बसून होता. त्याने खाली सूर मारला तेव्हा पंखांचा निळा रंग त्या राखाडी धुरातही डोळ्यांत भरला. चोचीत सरडा घेऊन तो परत खांबावर आला, खांबावर आपटून त्याने तो मारला आणि गिळला.

हा नीलपंख तेलंगणाचा राज्यपक्षी. तिकडे त्याला पालपिट्टा म्हणतात आणि दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. आपला राज्यपक्षी हरियाल. तो अशा जाळापोळाच्या भानगडीत पडत नाही. उंबर-पिंपळाच्या शेंड्यांत पानांच्या रंगात मिसळून फळं खात बसतो, हलला तरच दिसतो. सीमा ओलांडली की राज्यपक्ष्याबरोबर आहारही बदलतो म्हणायचा! पाखरांना मात्र सीमा ठाऊक नाही. नीलपंख महाराष्ट्राच्या खांबावर बसला होता.

आगीचा फायदा घेणाऱ्या पाखरांची मजल किती जाते, याचं ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण मोठं विलक्षण आहे. तिथल्या उत्तर भागातले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, की घारी जळती काटकी उचलून न पेटलेल्या गवतात नेऊन टाकतात आणि तिथून पळणारी शिकार पकडतात. २०१७ मध्ये संशोधकांनी अशा साक्षी गोळा करून प्रसिद्ध केल्या. त्यांत नाव घेतलेल्या तीन शिकारी पक्ष्यांपैकी एक म्हणजे आपल्या गावागावांवर घिरट्या घालणारी साधी घार. आमच्या डोक्यावरही तेव्हा दोन फिरत होत्या. त्यांनी काटकी उचलली नाही, पण मी त्यांच्याकडे जरा आदराने पाहिलं.

बांधापलीकडच्या रानात ज्वारीचा कडबा उभा रचून ठेवला होता. कणसं काढून झाली होती. कडब्याच्या सावलीत एक म्हातारे काका बसले होते. ते समोरच्या पळसाकडे बघत होते आणि पळस नुसता कलकलत होता. पान एकही नव्हतं. फांदीन्‌फांदी शेंदरी फुलांनी पेटलेली आणि फुलांमध्ये भोरड्या. भोरडी म्हणजे गुलाबी मैना. डोकं, गळा, पंख आणि शेपूट काळी, मधलं अंग फिकट गुलाबी, डोक्यावर तुरा. शे-दीडशेचा थवा एका झाडावर उतरलेला, सगळ्या एकाच वेळी बोलणाऱ्या. बाजारात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"आता फुलं खाऊ लालेत," काका म्हणाले. "पौषात आली व्हती तवा हुरड्यावर पडत व्हती. गोफण फिरवून खांदा गेला माझा."

"आणि आता?"

"आता टाळकी घरात पडली. खाऊ द्या की. फुलाचं आपल्या बापाचं काय जातंय?"

भोरडीचा वर्षाचा हिशोब कागदावर मांडला तर कोणत्याही एका रकान्यात बसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ती मध्य आशियातून भारतात यायला लागते. इथं ती नाकतोडे खाते, बोरं-वडफळं खाते, हिवाळ्यात ज्वारीच्या कणसांवर पडते आणि फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर यांच्या फुलांतला मध पिते. एप्रिलपर्यंत थवे परत फिरतात. कझाकस्तानच्या आणि आसपासच्या गवताळ माळांवर, दगडांच्या कपारींत हजारोंच्या वस्त्या करून ती अंडी घालते आणि तिथं पिल्लांना चारते टोळ. टोळ जिथं जास्त, तिथं भोरड्यांची वस्ती. चीनमध्ये शिंजियांगच्या कुरणांवर टोळ आवरण्यासाठी लोक भोरड्यांना मुद्दाम दगडांची घरटी बांधून देतात. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला.

"म्हंजे तिकडं पीक राखत्यात आन् हिकडं येऊन खात्यात," ते म्हणाले. "नोकरी तिकडं आन् जेवण आमच्यात."

पळसाची फांदी खाली आली होती. एक फूल खुडून हातात घेतलं. देठाशी काळपट तपकिरी, मखमलीसारखी वाटी. त्या वाटीतून पाच पाकळ्या निघतात. एक मोठी पाकळी मागे वळलेली, दोन कडेला आणि दोन एकमेकींना चिकटून पुढे वाकलेल्या, बाकदार नावेसारख्या. पुंकेसर आणि स्त्रीकेसर त्या नावेत दडून बसलेले असतात. बोटाने नाव खाली दाबली की केसरांचा झुबका वर येतो, सोडली की आत जातो. मध आहे तो पार तळाशी, वाटीत. तिथं पोचायचं तर चोच आत घालायची, घातली की नाव दबणार, दबली की पराग अंगाला लागणार. फुकट काही नाही. आणि वास? फुलाला नाक लावलं, वास जवळपास नाहीच. पाखरं वासावर येत नाहीत, रंगावर येतात. त्यामुळे पळसाने वासावर खर्च केलेला नाही.

सालिम अली यांनी १९३२ साली भारतातल्या अशा फुलांवर आणि त्यांना भेट देणाऱ्या पाखरांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला होता. योगायोग असा, की त्याच सुमारास ते हैदराबाद संस्थानातल्या पाखरांची पाहणी करत होते. हातात नोकरी नव्हती. मुक्कामाचा खर्च संस्थानाने करावा, आपण काम बिनपगारी करू, असा त्यांनी प्रस्ताव मांडला होता. तेव्हा हा सगळा मुलूख, धर्माबादसकट, निजामाच्या राज्यात होता.

पण येणारा प्रत्येक पाहुणा पळसाच्या उपयोगाचा असतो का? अर्धा तास त्या झाडाखाली उभं राहिलं तरी उत्तर दिसायला लागतं. भोरड्या एका फुलात तोंड घालून भांडत दुसऱ्यावर जात होत्या. एकीचं कपाळ परागाने पिवळं झालं होतं. दोन साळुंक्या, एक कावळा, बुलबुलाची जोडी येऊन गेली. कोतवालाने आधी फुलावरची माशी उचलली, मग त्याच फुलात चोच बुडवली. किडेखाऊ म्हणून ज्याची ख्याती, तो मध पीत होता. पोपटांचं काम सगळ्यांत दांडगाईचं. पोपट फूल खुडतो, पायात धरतो, तळाची वाटी चावून मध घेतो आणि उरलेलं खाली फेकतो. झाडाखाली पडलेल्या सड्यातली कितीतरी फुलं अशी बुडाशी कुरतडलेली होती. काव्यात ज्याला पुष्पवृष्टी म्हणतात, त्यात पोपटांच्या नासाडीचा वाटा बराच आहे.

दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसाच्या परागीभवनाचा बारकाईने अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी पाहिलेल्या झाडांवर पाखरांच्या सात जाती येत होत्या. पण परागीभवनाचं काम नीट करणारी जात त्यांत एकच निघाली, जांभळा शिंजीर. पाखरांखेरीज खारही ते करताना आढळली. बाकीचे जेवून जाणारे. पराग अंगाला लागणं वेगळं आणि तो दुसऱ्या झाडाच्या फुलात योग्य जागी पोचणं वेगळं.

शिंजीर त्या गर्दीत शेवटी दिसला. अंगठ्याएवढा जीव, उन्हात निळा-जांभळा चमकणारा. भोरड्या एका बाजूला सरकल्या की तो दुसऱ्या बाजूच्या फांदीवर यायचा, फुलाशेजारी बसायचा, बाकदार चोच थेट आत घालायचा आणि क्षणात पुढच्या फुलावर. आवाज नाही, नासधूस नाही. फूल आणि चोच यांचं माप एकमेकांना बरोबर होतं.

मात्र हा मधपीही संसार मधावर करत नाही. काकांच्या कोठ्याजवळच्या बाभळीला त्याचं घरटं लोंबत होतं, कोळ्याची जाळी, गवत आणि सालीचे तुकडे यांचं, वरून कचऱ्याचा पुंजका वाटावा असं. मादी आत गेली तेव्हा तिच्या चोचीत कोळी होता. मध म्हणजे साखरपाणी. उडायची ताकद त्यातून मिळते, पण पिल्लाचं अंग भरायला प्रथिनं लागतात, ती किड्या-कोळ्यांतून येतात. दाणे टिपणारी चिमणीही पिल्लाला पहिले दिवस अळ्या आणि किडेच भरवते. पाखराचा आहार त्याच्या जातीवरून सांगायचा असतो असं आपण समजतो. तो निम्मा महिन्यावरून आणि घरात पिल्लू आहे की नाही यावरून सांगावा लागतो.

दुपार टळल्यावर मोंढ्यात आलो. धर्माबादची मिरचीची पेठ जुनी आणि नावाजलेली. आसपासच्या रानांतून आणि सीमेपलीकडून इथं माल येतो, आडतीवर सौदे होतात, मिरचीची पूड करणारे कारखाने गावातच आहेत. फाल्गुनात आवक भरात असते. लाल ढीग, लाल पोती, लाल धूळ. आत पाऊल टाकलं आणि मला ठसका लागला. हमाल हसले. त्यांनीही नाकातोंडाला गमचे गुंडाळलेलेच होते.

ढिगांच्या कडेला बायका देठ खुडत बसल्या होत्या. हातांना तेल चोपडलेलं. मिरचीतला तिखट अंश, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. हाताची आग पाण्याने धुऊन जात नाही, हे त्यांना कोणत्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधी ठाऊक आहे. आणि त्यांच्या पुढ्यातच, जिथं पोती झटकल्यावर मिरचीचं बी सांडलं होतं, तिथं चिमण्या आणि होले निवांत टिपत होते. एक होला तर लाल धुळीत छाती टेकून बसला होता. माणसं शिंकत होती, खोकत होती. पाखरांच्या गावीही नव्हतं.

"मावशी, यांना तिखट लागत नाही का हो?" मी विचारलं.

"पाखराला कुठं तिखट लागतंय?" मावशींनी मान वर न करता उत्तर दिलं. "तिखट माणसाला."

हे वाक्य जसंच्या तसं खरं आहे. तिखट ही खरं पाहता चवच नाही, ती जळजळ आहे. आपल्या नसांवर एक संवेदक असतो, टीआरपीव्ही-१ नावाचा. त्याचं काम चटका ओळखण्याचं. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की तो मेंदूला वर्दी देतो : भाजतंय. कॅप्सेसिन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं आणि थंडगार मिरचीनेही तोंड भाजल्याची खोटी वर्दी जाते. हा संवेदक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना अर्धा वाटा मिळाला. त्याच प्रयोगशाळेने २००२ मध्ये कोंबडीतला हा संवेदक तपासला. तो उष्णता ओळखतो, पण कॅप्सेसिनला दाद देत नाही. पाखराला निखाऱ्याचा चटका कळतो, मिरचीचा कळत नाही. कुक्कुटपालक लाल मिरची खाद्यात घालतात, ती अंड्याचा बलक गडद दिसावा म्हणून. कोंबडी ती मुकाट्याने खाते. परदेशात पाखरांसाठी टांगलेल्या दाण्यांना मिरची चोळून विकतात, म्हणजे खारी शिवत नाहीत आणि पाखरं खात राहतात.

मिरचीने हा भेदभाव का करावा? याचं उत्तर शोधायला जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान हे दोघे अमेरिकेतल्या ॲरिझोनात रानमिरचीच्या झुडपांपाशी गेले. त्यांचा लेख २००१ मध्ये 'नेचर'मध्ये आला. झुडपांवरच्या मिरच्या खायला पाखरं येत होती, उंदीरवर्गातले प्राणी त्यांना तोंड लावत नव्हते. मग त्यांनी बिनतिखट जातीच्या मिरच्या दोघांना खाऊ घातल्या आणि विष्ठेतलं बी पेरून पाहिलं. पाखराच्या पोटातून आलेलं बी रुजलं. उंदरांच्या पोटातून आलेलं एकही रुजलं नाही, दातांनी ते संपवलं होतं. चावणाऱ्याला दूर ठेवायचं आणि गिळणाऱ्याला बोलवायचं, एवढ्यासाठी हा सगळा तिखटपणा. पळस जे फुलाच्या घडणीतून करू पाहतो, ते मिरची रसायनातून करते.

अर्थात, पाखरांतही निवड आहेच. मोंढ्यामागच्या गल्लीत एका घराच्या परसात लवंगी मिरचीचं झुडूप होतं, उभ्या लाल मिरच्यांचं. तिथं बुलबुल आला. शेपटीखालचा लाल डाग आणि मिरची, दोन्ही एका रंगाचे. त्याने पिकलेली मिरची देठापासून ओढली, चोचीत फिरवून आडवीची उभी केली आणि सबंध गिळली. मिरचीला हवा तो पाहुणा हा. बी पुढे कुठल्या तरी कुंपणाखाली पडणार. परसात, बांधावर, विहिरीच्या काठी कुणी न लावलेली मिरची उगवते, ती अशाच कुणाच्या तरी कृपेने. पोपटाची तऱ्हा वेगळी. तो मिरची पायात धरतो, साल सोलतो आणि बी चोचीत चुरडतो. होले आणि चिमण्याही बी गिळून पोटात दळून टाकतात. पाळलेल्या राघूला आपण कौतुकाने हिरवी मिरची देतो, पण मिरचीच्या दृष्टीने राघू आणि उंदीर एकाच माळेचे मणी. राघूला तिखट लागत नाही, हे तिचं दुर्दैव.

संध्याकाळी स्टेशनाकडे जाताना रिक्षावाल्या भाऊंनी एका गाड्यावर थांबून मिरचीची भजी घेतली. भजी सीमेवरच्या पद्धतीची : मिरची लांब आणि जाड, पीठ खरपूस, वर कांदा आणि लिंबू. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी दुसरी उचलली. गाड्याभोवती दहा-पंधरा माणसं हेच करत होती, नाक पुसत आणि "अजून दोन द्या" म्हणत. सस्तन प्राण्यांत इतक्या हौसेने पोळून घेणारा दुसरा कोणी नसावा. ज्यांना दूर ठेवण्यासाठी मिरची तिखट झाली, त्यांच्याच कुळातले आपण. न्याय लावायचा तर उंदरांच्या ओळीतच आपण बसायला हवं होतं.

झालं उलटं. मिरची मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली. तोवर आपल्याकडे तिखटाचं काम मिऱ्यांवर भागत होतं. अटलांटिक ओलांडायला कोणताही बुलबुल पुरा पडला नसता. ते काम दात असलेल्या, चावून खाणाऱ्या, डोळ्यांतून पाणी गाळणाऱ्या प्राण्याने केलं. त्याने ती नांगरून पेरली, पाटाचं पाणी दिलं, तिच्यासाठी मोंढे बांधले, रेल्वेने वाघिणी दिल्या. मिरचीने आपल्याला पंगतीतून उठवायचा हरतऱ्हेने प्रयत्न केला. आपण उठलो तर नाहीच, पदर खोचून वाढायलाच उभे राहिलो.